प्रार्थनेतलं नाव

रविवारच्या प्रार्थनेत समुद्रावर गेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली की पाद्री बर्सली डोळे मिटून घेत. कागद त्यांना लागत नसे. गाव एवढंसं, नावं दर आठवड्याला जवळजवळ तीच. कुणी परत आला की एक गळायचं, कुणी निघाला की एक वाढायचं. प्रार्थनाघरात शेकोटी पेटवायची पद्धत नव्हती; देवाच्या घरी ऊब मागणं म्हणजे लाडावणं, असं या लोकांचं मत. बायका पायाशी निखाऱ्यांचा डबा घेऊन बसत आणि पुरुष नुसतेच कुडकुडत आपली भक्ती सिद्ध करत.

"आणि एल्काना नोल्स," पाद्री म्हणाले. "हे प्रभो, त्याला सुखरूप घरी आण."

बायकांच्या बाजूला बेथिया नोल्स मान खाली घालून बसली होती. एल्काना तिचा मुलगा. तिच्या शेजारी सून जेरुशा, आणि जेरुशाच्या मांडीवर नात डॉर्कस. जेरुशाचे ओठ हलत होते, बेथियाचे हलत नव्हते. एल्काना मेलेला आहे, आणि तो गावाबाहेरच्या वाळूत पुरलेला आहे, हे त्या भरल्या प्रार्थनाघरात एकट्या बेथियाला ठाऊक होतं. आजचं नव्हे, गेली जवळजवळ दोन वर्षं ठाऊक होतं.

मेलेल्यासाठी प्रार्थना करणं या लोकांत मोठं पाप. ते पोपच्या माणसांचे चाळे, आणि असल्या चाळ्यांना कंटाळूनच तर यांचे आजे-पणजे समुद्र ओलांडून इथं अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉड या भूशिराच्या वाळूत येऊन पडले होते. माणूस मेला की त्याचं काय करायचं ते देव बघेल, मागच्यांनी त्यात लुडबूड करायची नाही. कबरीवरसुद्धा हे लोक चार शब्द बोलत नसत. माती लोटायची आणि मुकाट घरी यायचं. आणि इथं अख्खं गाव दर रविवारी एका मेलेल्या माणसासाठी देवाला गळ घालत होतं. हे पाप बेथियानं सगळ्यांच्या गळ्यात बांधलं होतं, आणि त्यातल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

ते घडलं असं. गावात कुणी गेलं की धुवायला, नेसवायला बेथियाला बोलावणं यायचं. हे काम तिच्याकडे कसं आलं ते कुणी ठरवलं नव्हतं. नवरा व्हेलच्या मागे गेला तो होडीसकट बुडाला आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला, थोरला मुलगा गोवरानं गेला. दोघांचं तिनंच केलं, आणि मग लोकांना वाटलं की हिचा हात बसला आहे. किनाऱ्याला लागलेली परकी प्रेतंही तिच्याकडेच येत. केपच्या बाहेरच्या अंगाला समुद्रात वाळूचे दांडे आहेत. ईशान्येचं वादळ झालं की मोठमोठी गलबतं त्यांवर चढतात आणि लाटा त्यांच्या ढलप्या करतात. त्या साली मार्चात ब्रिस्टलहून आलेलं एक गलबत असंच फुटलं. फळ्या, दोरखंड, शिडांचं कापड गावकऱ्यांनी तत्परतेनं वेचून घरी नेलं. सहा प्रेतं तेवढी कुणी नेली नाहीत. ती व्हेलची चरबी कढवायच्या खोपटात आणून ठेवली आणि बेथियाला निरोप गेला.

चेहरे ओळखण्यापलीकडे गेले होते. बेथिया खाली मान घालून एकेकाचं करत होती. पाचव्याच्या डाव्या पायाचा मोजा तिनं उतरवला, आणि पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली दिसली. एल्काना जन्मला तेव्हा सुईणीनं त्याचा पाय वर धरून तेच दाखवलं होतं. बाई, तुझ्या पोटी बदकाचं पिल्लू आलंय, म्हणाली होती, हा काही बुडायचा नाही.

एल्काना आदल्या शरदात बॉस्टनच्या एका गलबतावर बार्बाडोसला गेला होता. खारवलेले मासे न्यायचे आणि काकवी आणायची. तो परतायला अजून महिना आहे असं घरी सगळे धरून चालले होते. त्याचं गलबत लवकर निघालं असेल, त्याच वादळात सापडलं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाकीची माणसं आणि गलबत समुद्रानं कुठं नेलं कोण जाणे. तो तेवढा घराच्या दारापर्यंत आला होता.

बेथिया ओरडली नाही. तिनं मोजा पुन्हा चढवला, त्याला शिडाच्या कापडात गुंडाळलं आणि शिवायला घेतलं. खोपटाच्या दाराशी पाद्री आणि खड्डे खणणारी माणसं उभी होती. पाद्र्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, यांच्यात कुणी ओळखीचं आहे का.

"परकी आहेत सगळी," बेथिया म्हणाली.

तोंडातून निघून गेलं, असं तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते पुरतं खरं नव्हतं. टाके घालता घालता तिच्या डोळ्यांपुढे जेरुशा आली होती. जेरुशाचं माहेर लांब, कनेक्टिकटच्या नदीकाठी. विधवा झाली की बाप येईल, पोरीला आणि नातीला घेऊन जाईल, आणि त्या घरात बेथिया आणि भिंतीच्या फटींतून आत येणारी वाळू एवढंच उरेल. चार दिवस जाऊ देत, मग सांगू, असं तिनं ठरवलं. चार दिवसांत रविवार आला. पाद्र्यांनी डोळे मिटून एल्कानाचं नाव घेतलं, आणि आता कसं सांगायचं ते बेथियाला कळेना. पुढच्या रविवारी त्याहून कळेना. शिवाय एक गोष्ट होती, ती कबूल करायचीही तिला लाज वाटायची. तिच्या लेखी तो गेला होता, पण गावाच्या लेखी अजून होता. बाजारात कुणी विचारलं, काय काकू, एल्कानाचं काही कळलं का, की तिला क्षणभर बरं वाटायचं.

जेरुशा वाट बघत राहिली, आणि तीही कशी, तर मनापासून. सासू म्हणाली येईल, म्हणजे येईल. दर महिन्याला एल्कानाचा चांगला कोट पेटीतून काढायची, उन्हात घालायची, झटकून पुन्हा ठेवायची. सासूशी तिचं पटायचं. खटके उडायचे ते चुलीवरच्या मक्याच्या लापशीवरून. बेथियाला ती घट्ट लागायची, जेरुशा पातळ करायची. त्या घरात एवढंच काय ते युद्ध होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात जेबेझ कोल यायला लागला. जेबेझ पिंपं बनवणारा, बायको बाळंतपणात गेलेली, बोलायला कमी आणि हाताला खूप काम. आधी गळकं पिंप दुरुस्त करायला आला. मग न गळणाऱ्या पिंपांनाही त्याची गरज पडायला लागली. शेजारच्या हॅना मेयोनं एकदा कुंपणावरून बेथियाला ऐकवलं, "काकू, तुमच्या घरातली पिंपं एवढी नाजूक कशी हो? आमची बघा, वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही." बेथियाला हसू आलं नाही. डॉर्कस त्याच्या गुडघ्यावर बसून लाकडाच्या ढलप्यांची होडी करून मागायची, ते तिनं पाहिलं होतं.

केपवरची झाडं संपत आली होती. पिंपाला चांगलं लाकूड मिळेना, म्हणून जेबेझनं वसंतात बस्तान हलवून कनेक्टिकटला जायचं ठरवलं, आणि जाण्याआधी जेरुशाला लग्नाचं विचारलं. जेरुशाचं माहेर तिकडेच, तेव्हा सोन्याहून पिवळं. अडचण एकच. समुद्रावर गेलेल्याचा तीन वर्षं काही ठावठिकाणा लागला नाही तर बायको मोकळी, असा कायदा होता. त्याला अजून एक वर्ष आणि वर काही महिने होते. पाद्री म्हणाले, ज्या माणसाला सुखरूप आण म्हणून मी दर रविवारी देवाला विनवतो, त्याच्या बायकोचं लग्न त्याच तोंडानं कसं जाहीर करू? तो मेल्याचा पुरावा आणा. नाही तर वर्षभर थांबा. जेबेझला थांबणं परवडणारं नव्हतं. नदीकाठची जागा दुसऱ्यानं घेतली असती.

जेरुशानं त्याला लगेच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी ती सासूपाशी येऊन बसली.

"आई, मी तुमच्यावर सोडते," ती म्हणाली. "तुम्ही त्याची आई आहात. आईला आतून कळतं म्हणतात. तुमचं मन सांगत असेल की तो आहे, तर मी जेबेझला आत्ताच नाही म्हणते. पुन्हा विषय काढणार नाही."

बेथियाच्या हातात वाटाणे होते. निवडता निवडता ते खाली सांडले. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द काढला की चुलीपुढची ही दोन माणसं, सून आणि नात, वसंतात गाडीत बसून निघून जाणार होती.

"माझं मन सांगतं, थांब," ती म्हणाली.

जेरुशानं मान हलवली. वाटाणे वेचून दिले आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जेबेझला नाही म्हणून सांगितलं. बेथियानं खिडकीतून पाहिलं. तो टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा होता. जेरुशा काही रडली नाही. आत आली, पेटी उघडली आणि एल्कानाचा कोट काढून खांद्यापाशी उसवायला बसली.

बेथियानं विचारलं, हे काय चाललंय.

"सैल करते," जेरुशा म्हणाली. "दोन वर्षं डोलकाठीवर चढउतार केलेला माणूस, खांदे भरले असतील त्याचे. आल्या आल्या अंगात शिरायला हवा ना."

आत मुडपून ठेवलेलं कापड होतं, ते तिनं सोडलं. नव्या शिवणीचे बारीक बारीक टाके घालत ती बसली, आणि मधूनच कोट समोर धरून अंदाज घेऊ लागली. बेथियाला ते बघवेना. त्याच खांद्यांवरून ओलं फडकं फिरवलेलं तिच्या हातांना आठवत होतं. ती उठली, शाल घेतली आणि भर दुपारी, कुणी बोलावलेलं नसताना, पाद्र्यांच्या घरी गेली.

पाद्री जेवून उठले होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: खोपट, पाचवं प्रेत, पायाची बोटं, आणि ती जे बोलली होती ते. सांगताना ती रडली नाही. हे आपण आधीच ठरवलं असतं तर किती सोपं होतं, असंच तिला वाटत होतं. आता पाद्री आपल्याला सगळ्या मंडळींपुढे उभं करतील, पाप वाचून दाखवतील, प्रभूच्या भोजनातून वगळतील. करू देत. तिची तयारी होती.

पाद्र्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, बायकोला सफरचंदाचं गरम सायडर आणायला सांगितलं.

"बेथियाबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी दाराशी मीच उभा होतो. मीच विचारलं, आणि तुम्ही म्हणालात परकी. तुम्हाला मी इतकी वर्षं ओळखतो, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. आज पहिल्यांदा बोलताय. सुनेपायी बोलताय, हे मला कळतं."

"पाद्रीसाहेब, मी आज खरं बोलतेय. खोटं तेव्हा बोलले."

"पोटचा मुलगा हातात असताना कुठली आई त्याला परका म्हणेल?" पाद्री म्हणाले.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तिलाही ते खरं वाटलं नसतं. तिनं वाळू उकरायला सांगितली. पाद्री म्हणाले, परक्यांची कबर उकरून हाडं चाळवायची, आणि कशासाठी, तर बोटांसाठी? दोन वर्षांनी बोटांचं काय उरतं? शिवाय पवित्र शास्त्राप्रमाणं साक्षीदार दोन लागतात. दुसरा कोण? दुसरा कुणी नव्हता. शिवताना तिनं खोपटाचं दार ओढून घेतलं होतं. शेवटी पाद्र्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की मायेपोटीसुद्धा खोटी साक्ष देऊ नये, पण देव हृदय बघतो, आणि एल्कानासाठी आपण आणखी कळकळीनं प्रार्थना करू.

ही गोष्ट पाद्र्यांच्या बायकोच्या पोटात राहण्यासारखी नव्हती, आणि राहिलीही नाही. आठवड्याच्या आत गावात बेथियाचा जयजयकार झाला. सासू असावी तर अशी. मुलगा परत येण्याची आशा सोडून सुनेचं लग्न लावून द्यायला निघाली, त्यापायी स्वतःला पापी म्हणवून घ्यायला तयार झाली. हॅना मेयो भोपळ्याचं गोड सारण भरलेली रोटी घेऊन आली आणि जाताना शालीच्या टोकानं डोळे पुसत गेली. बेथियानं ती रोटी डुकराला घातली.

जेरुशाच्या कानावर ते विहिरीवर आलं. पाद्र्यांच्या बायकोनंच सांगितलं, अगदी गहिवरून. जेरुशा पाण्याच्या बादल्या तिथंच टाकून घरी आली. दारात उभी राहिली. बेथिया चुलीपाशी होती.

"कुठल्या पायाची?" जेरुशानं विचारलं.

"काय?"

"बोटं म्हणे चिकटलेली होती. पाद्रीणबाईंना पाय आठवत नाही. कुठल्या पायाची?"

"डाव्या," बेथिया म्हणाली. "अंगठ्याशेजारची दोन. आणि नडगीवर जुना आडवा व्रण."

तो व्रण लग्नानंतरचा होता. खाजणातलं गवत कापताना कोयता लागला होता, जेरुशानंच त्याला पट्टी बांधली होती, आणि आई घाबरेल म्हणून एल्कानानं तो तिला कधी दाखवला नव्हता. पाद्र्यांपुढे व्रणाचा विषय निघाला नव्हता. जेरुशानं चौकटीला हात टेकला. गावात तिच्या सासूवर विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली.

"चला," ती म्हणाली. "दाखवा."

डॉर्कसला हॅनाकडे सोडून दोघी निघाल्या. वाट खाजणाच्या कडेनं जाते आणि मग वाळूच्या टेकड्या लागतात. वारं समुद्राकडून येत होतं. जेरुशा पुढे चालत होती, बेथिया तिच्या मागून धापा टाकत होती. 

टेकड्यांच्या पलीकडे आल्यावर बेथिया थांबली. पुरलं तेव्हा इथं सहा उंचवटे होते, एका रांगेत, प्रत्येकाच्या उशाशी फुटक्या फळीचा तुकडा रोवलेला. आता तिथं काहीच नव्हतं. गेल्या हिवाळ्यातल्या वाऱ्यांनी एक टेकडी सरकून रांगेवर आली होती आणि दुसरी बाजू खरवडून निघाली होती. फळ्या कुणी जळणाला नेल्या असतील, नाही तर खाली गाडल्या गेल्या असतील. बेथिया इकडून तिकडे फिरली. एका जागी गुडघे टेकून हातानं वाळू बाजूला करायला लागली, मग उठून दुसऱ्या जागी गेली.

"इथंच कुठंतरी," ती म्हणाली. "पाचवा होता. समुद्राकडून पाचवा."

"समुद्राकडून म्हणजे कुठून?" जेरुशा म्हणाली. "समुद्र सगळीकडेच आहे इथं."

बेथिया पुन्हा गुडघे टेकून वाळू उपसायला लागली. जेरुशानं विचारलं, धुताना त्याच्याशी काय बोललात?

"काही नाही. बाहेर माणसं होती. ऐकू गेलं असतं."

"नावसुद्धा नाही घेतलंत?"

"नाही."

जेरुशा तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बेथियाला सोसलं असतं, ती रागाचीच तयारी करून आली होती.

"जेबेझ परवाच गेला," जेरुशा म्हणाली. "त्याचं मला फार नाही. गेला तर गेला. पण तुम्ही एल्कानाला धुतलंत, शिवलंत, पुरलंत. दोन वर्षं मनातल्या मनात रडला असाल. मी काय करत होते? कोट उन्हात घालत होते. माझ्या वाट्याचं रडणंसुद्धा तुम्ही ठेवून घेतलंत, आई."

"पोरी, तू गेली असतीस," बेथिया म्हणाली. "डॉर्कसला घेऊन गेली असतीस."

"कोण म्हणालं? तुम्ही मला विचारलंत?"

बेथियाला आठवेना, की आपण हे कधी विचारलं का नव्हतं. त्या दिवशी खोपटात ती ते धरून चालली होती, जशी भरती-ओहोटी धरून चालतात.

"मी राहिले असते," जेरुशा म्हणाली. "माझा बाप मला न्यायला आला असता तर मी त्याला परत लावून दिलं असतं. माझं घर हे होतं." मग जरा थांबून म्हणाली, "तीन वर्षं भरेपर्यंत आता मला राहायलाच हवं. कायद्याच्या लेखी तोवर मी एल्कानाची बायको. भरली की मी जाईन."

मग ती खाली बसली. जागा निवडली नाही, होती तिथंच बसली, वाळूत दोन्ही हात खुपसले आणि रडायला लागली. नवरा आज मेल्यासारखी रडत होती, कारण तिचा आजच मेला होता. त्याचं नाव घेत होती, मोठ्यानं, आणि वारं ते टेकड्यांकडे नेत होतं.

बेथिया पुढे झाली. गावात नवरा गेलेली अशी एक बाई नव्हती जिला तिनं जवळ घेतलं नव्हतं. पाठीवर हात कुठं ठेवायचा, किती वेळ काही बोलायचं नाही, हे तिला पाठ होतं. तिनं वाकून जेरुशाच्या पाठीवर हात ठेवला.

"नको," जेरुशा म्हणाली.

बेथियानं हात मागे घेतला आणि चार पावलं दूर जाऊन उभी राहिली. तिथंच कुठंतरी तिचा मुलगा असेल, नसेलही. सून रडून उठेपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मग तिच्या मागून घरी गेली.